सिलिॲक असलेल्या लेकीचं पथ्य : आमच्या घरात कसं जमलं

माझ्या मोठ्या लेकीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेननं तिचं आतडं बिघडतं अन् गहू जन्मभर बंद. सात वर्षांची होती तेव्हा कळलं, आता अकरा पूर्ण झाली. मधल्या काळात किती तरी जणींचे फोन आले, कुणाच्या भाचीला निघालंय, कुणाच्या शेजारच्या पोराला, अन् सगळ्यांचं एकच, की पोरं ऐकत नाहीत, लपून खातात, काय करावं समजत नाही. टेस्टचं, रिपोर्टचं डॉक्टर सांगतातच, पण घरात, शाळेत, सणावाराला हे पथ्य पोराकडून पाळलं कसं जाणार हे फारसं कुणी सांगत नाही, अन् सगळं अडतं ते तिथेच. म्हणून आमच्याकडे काय केलं ते लिहून काढते आहे.

आधी कळलं कसं ते थोडक्यात. पाचव्या-सहाव्या वर्षापासून तिची उंची अडकल्यासारखी झाली होती, धाकट्या भावाचे अन् तिचे कपडे जवळपास एका मापाचे, हातपाय काड्यांसारखे अन् पोट मात्र कायम फुगलेलं. चेहरा पांढराफटक. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाचं सिरप चालू, बाटल्या संपायच्या पण आकडा काही हलायचा नाही. जंताचं औषध झालं, नजर काढून झाली, कुणी म्हणे खातच नाही नीट, कुणी म्हणे आईबाप बुटके तर पोट्टी कुठून उंच होणार. तोंड सारखं यायचं. संडासचं बोलायला लोक लाजतात पण सांगते, कुणाच्या तरी कामी येईल, चिकट, फार घाण वासाची अन् पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहणारी. चिडचिड तर इतकी की शाळेतून तक्रार यायची.

शेवटी नागपुरात धंतोलीला लहान मुलांच्या पोटविकाराच्या एका डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी कागदांचा सगळा गठ्ठा शांतपणे वाचला अन् म्हणाल्या, इतकं लोह देऊन रक्त वाढत नाही याचा अर्थ ते आत शोषलंच जात नाहीये. मग रक्ताची टीटीजी आयजीए टेस्ट, म्हणजे सिलिॲकमध्ये वाढणाऱ्या अँटीबॉडीची, सोबत टोटल आयजीए, कारण काही मुलांमध्ये आयजीए या प्रकारच्या अँटीबॉडीचं प्रमाणच मुळात कमी असतं अन् मग टेस्ट खोटीच नॉर्मल दिसते. आकडा खूप वर आला. मग दुर्बीण टाकून छोट्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून बारीक तुकडे काढून तपासले अन् पक्कं झालं. एक गोष्ट इथे आवर्जून सांगते, शंका आली की लगेच घरच्या घरी गहू बंद करून बघू असं कृपा करून करू नका. गहू खाणं चालू असतानाच टेस्ट कराव्या लागतात, बंद केला तर रिपोर्ट फसवा येतो अन् मग टेस्टसाठी पोराला परत गहू खाऊ घालायची वेळ येते.

मॅडमनी समजावलं ते असं, की ही ॲलर्जी नाही अन् पचन कमजोर असण्याचीही गोष्ट नाही. गहू, जव अन् राय (आपली मोहरी नाही, परदेशातलं धान्य) यांच्यातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती छोट्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, ते अस्तर झिजून सपाट होतं अन् मग लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन काहीच नीट शोषलं जात नाही. जगात साधारण शंभरात एकाला असतो हा आजार, आपल्याकडे गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेत जास्त अन् भात खाणाऱ्या दक्षिणेत कमी सापडतो. औषध नाही. जन्मभर ग्लूटेन पूर्ण बंद, एवढाच उपाय, पण तो पाळला तर लहान मुलांचं आतडं छान भरून येतं.

आता घरी आल्यावर. आमच्याकडे दोन्ही वेळा पोळ्या, सगळ्या नागपूरकरांसारखं. पहिला विचार सगळ्यांच्या मनात हाच की तिच्यासाठी वेगळी भाकर टाकू अन् बाकीचं आहे तसंच चालू देऊ. मला ते पटलं नाही. सात वर्षांच्या लेकरासमोर भाऊ तुपसाखर लावून गरम पोळीची गुंडाळी खाऊन राहिला अन् तिच्या ताटात रोज वेगळं काही तरी, असं किती दिवस चालेल? म्हणून ठरवलं की रात्रीचं जेवण सगळ्यांचंच बिनगव्हाचं. भाकर, भात, झुणका, पातोड्यांचा रस्सा, गोळाभात, कढी. अन् खरं सांगू, आपल्या विदर्भाच्या जेवणात गव्हाशिवायचं इतकं आहे की यादी करायला बसलो तर आम्हीच चकित झालो. भंडाऱ्याकडचा तांदूळ, तिकडचेच शिंगाडे, ज्वारी, सगळ्या डाळी, सकाळचे तर्री पोहे, उपवासाची भगर अन् साबुदाणा, काही म्हणजे काही बंद नाही. बाजारातल्या ग्लूटेन फ्री पाकिटांच्या मागे धावायची गरजच पडली नाही, ती महाग असतात अन् बऱ्याचशात नुसता स्टार्च अन् साखर. ज्वारीची भाकर त्याच्यापेक्षा कितीतरी पटीनं चांगली.

सासूबाईंना पटवणं अवघड जाईल असं वाटलं होतं. त्यांचं सुरुवातीला होतंच, "अव एवढ्याशानं काय होते, अर्धी पोळी खाल्ली त का मरते का पोरगी." मग मीच त्यांना म्हणलं, आई, हे सोवळ्यासारखं समजा. सोवळ्यातल्या स्वयंपाकाला जसा दुसरा हात चालत नाही, भांडं वेगळं, फडकं वेगळं, तसं हिच्या जेवणाला गव्हाचा हात चालत नाही. त्या दिवसापासून त्यांना मला काही सांगावं लागलं नाही, उलट त्याच आमच्यावर नजर ठेवतात. तिचं पोळपाट-लाटणं वेगळं, कारण लाकडात पीठ मुरून बसतं अन् धुऊन जात नाही. तवा वेगळा, चाळणी वेगळी, पिठाचा डबा वरच्या फळीवर. सकाळी डब्यांसाठी गव्हाची कणिक भिजवायची असेल तर आधी तिची भाकर करून, झाकून, बाजूला ठेवून मग. गव्हाचं पीठ चाळताना उडतं ना, ते शेजारच्या उघड्या भांड्यात बसतं, हे सगळं सासूबाईंच्याच बरोब्बर लक्षात आलं.

सगळ्यात जास्त डोकं लावावं लागलं ते दळणासाठी. आमच्या वस्तीतल्या चक्कीवाल्या दादांना सांगितलं तर ते बिचारे म्हणाले, ताई, आधी थोडे तांदूळ टाकून चक्की साफ करून देतो, पण जात्यात दिवसभर गहूच असतो, मी शब्द नाही देऊ शकत. खरं बोलले ते. शेवटी घरघंटी घेतली, खर्च वाटला पण आजवर घरात घेतलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये तिचाच उपयोग सगळ्यात जास्त झालाय. त्यात गहू कधीच जात नाही, म्हणजे नाहीच.

पण नुसत्या घरघंटीनं भागत नाही. ज्वारी इतवारी बाजारातून आणतो आम्ही, अन् पहिल्यांदा परातीत पसरून बघितली तर त्यात गव्हाचे दाणे होते. एकाच दुकानात, एकाच मापानं, कधी आधी गव्हाच्या असलेल्या पोत्यात, होणारच. तेव्हापासून आमच्याकडे ज्वारी निवडायची ती पद्धतशीर. गच्चीवर उन्हाच्या आधी चादर अंथरायची, एकेक ओंजळ परातीत घ्यायची, थर इतका पातळ की परातीचा तळ दिसला पाहिजे, अन् आजी-नात समोरासमोर बसून निवडतात. ज्वारी गोल अन् पांढरट, गहू लांबट, पोटावर चीर असलेला, एकदा नजर बसली की लगेच दिसतो. सापडलेला प्रत्येक दाणा लेक एका वाटीत वेगळा ठेवते. मग दोन पाण्यातून धुऊन उन्हात वाळवायची, नागपूरच्या उन्हात एका दिवसात खणखणीत होते. हे काम मी मुद्दाम तिच्याकडे दिलं, कारण कागदावर लिहिलेलं "मिसळ होऊ देऊ नका" तिला काय समजणार, पण वाटीतले ते दाणे तिनं स्वतः काढलेले असतात. सुटं राजगिऱ्याचं अन् शिंगाड्याचं पीठ उपवासाचं म्हणून आपण बिनधास्त आणतो, तेही त्याच चक्कीवर दळलेलं असू शकतं, म्हणून अख्खा राजगिरा अन् वाळका शिंगाडाच आणायचा अन् घरी दळायचा.

लपलेला गहू हा एक वेगळाच विषय आहे. हिंग! डबीवरचं वाचून बघा, बऱ्याच हिंगांमध्ये मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, अन् आपण तो प्रत्येक फोडणीत घालतो. तांदळाच्या पिठातला किंवा नुसता डिंक घातलेला हिंग मिळतो, तो घ्यायचा. दुधात टाकायच्या पावडरी माल्टच्या असतात, माल्ट म्हणजे जव. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी पुष्कळदा त्यात माल्ट असतं. सोया सॉसमध्ये गहू. उन्हाळ्यातला सातू, त्यात गहू नाही तर जव असतोच. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, आंब्याच्या रसासोबतचे सरगुंडे गव्हाचे. सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचं, सारण चालतं, पण वरच्या पारीत मैदा किंवा कणिक असते, म्हणून घरी ती नुसत्या बेसन अन् तांदळाच्या पिठाची करते, तुटते थोडी पण चव तीच. गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, पुऱ्या रव्याच्या. बाहेरचे आलुबोंडे बेसनाचे असले तरी कढईत आधी समोसे तळलेले असतात. अन् शाळेतली खेळायची रंगीत माती, तिच्यात सुद्धा कधी कधी गव्हाचं पीठ असतं, लहान पोरं हात तोंडात घालतात म्हणून हेही सांगून ठेवते. ओट्स आम्ही मॅडमच्या सांगण्यावरून पहिलं वर्षभर दिलेच नाहीत, कारण साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ होतेच. पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहिलेलं असेल तर आपल्याकडच्या एफएसएसएआयच्या, म्हणजे खाण्याच्या वस्तूंचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे एका किलोत 20 मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, ही मर्यादा लेकीला तोंडपाठ आहे.

दुकानात पाकीट तिच्या हातात द्यायचं, हा नियम आम्ही पहिल्या महिन्यापासून केला. वाचायला येत होतं तिला. मी म्हणायची, तू वाच अन् तूच सांग घ्यायचं की नाही. पहिले काही दिवस दहा-दहा मिनिटं एकाच रॅकसमोर उभं राहावं लागायचं, मागे लोक खोळंबायचे, पण "आई नाही म्हणते" याऐवजी "यात गहू आहे, नको" हे तिच्या तोंडून यायला लागलं, अन् त्यानं फार फरक पडला. नाही म्हणणारी मी राहिलेच नाही ना मग. तसंच तिला एक वाक्य पाठ करून दिलं, "मला गव्हानं त्रास होतो, डॉक्टरांनी बंद केलाय, पण थँक्यू काकू." घरी याची प्रॅक्टिस केली, मी आग्रह करणारी काकू व्हायची, कधी तिचे बाबा मामा व्हायचे अन् "घे गं, एक घास" म्हणून मागे लागायचे, ती हसत हसत नाही म्हणायला शिकली. मोठ्या माणसांना नाही म्हणणं आपल्या पोरांना शिकवलेलंच नसतं, ते शिकवावं लागतं.

तरी एकदा झालंच. तिसरीत असताना मैत्रिणीकडे वाढदिवसाला गेली अन् केकचा मोठा तुकडा खाऊन आली. त्या रात्री उलटी नाही, पोटदुखी नाही, काहीच नाही. दोन दिवसांनी स्वतःच येऊन सांगितलं, अन् वर म्हणाली, "बघ ना आई, काहीच झालं नाही, म्हणजे मी बरी झाली ना?" या प्रश्नानं मी जास्त घाबरले. रागावले नाही. रागावलं की पुढच्या वेळी सांगणार नाही एवढंच होईल. पुढच्या तपासणीला तिलाच म्हणलं, मॅडमना तूच विचार. मॅडमनी तिला कागदावर गणित घालून दाखवलं, एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं, अन् रोज 50 मिलीग्रॅम पोटात गेलं तरी आतड्याचं अस्तर बिघडायला लागतं, म्हणजे एका पोळीचे किती तुकडे केले तर एक तुकडा तेवढा होईल? तिनं भागाकार केला, पन्नास. घरी येऊन भावाच्या पोळीचे कात्रीनं पन्नास तुकडे करायचा प्रयत्न केला तिनं अन् नखाएवढा एक तुकडा हातावर घेऊन आजीला दाखवत फिरली. मॅडम हेही म्हणाल्या, की त्रास जाणवला नाही म्हणून आत काही झालं नाही असं नसतं, आतला अंदाज रक्ताच्या रिपोर्टवरून येतो. तेव्हापासून तिचा टीटीजीचा रिपोर्ट आला की तो आधी तीच उघडते, अन् आकडे वहीत लिहून ठेवते, मागच्या वेळेपेक्षा किती उतरला ते.

शाळेत आम्ही वर्गाच्या बाईंना भेटून एका पानावर सगळं लिहून दिलं, काय चालतं काय नाही, अन् बाईंच्या कपाटात एक घट्ट झाकणाचा डब्बा ठेवला. त्यात फल्लीची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, घरची संत्राबर्फी. कुणाचा वाढदिवस असला, बिस्किटं वाटली, की बाई तिला डब्बा काढून देतात, सगळ्यांसोबत त्याच वेळेला. वेळ महत्त्वाची आहे. घरी गेल्यावर देईन म्हणलं की लेकराला काहीच अर्थ नसतो त्याचा. काही दिवसांनी तर बाकीची पोरंच चिक्की मागायला लागली, मग मी डब्बा जरा मोठा केला. डब्यातली अदलाबदल मात्र बंद, ती दुसऱ्याला देऊ शकते पण घेत नाही, अन् मैत्रिणींना ते माहीत आहे.

सणांमध्ये सगळ्यात कठीण तान्हा पोळा. आमच्या गल्लीत पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी जातात, अन् प्रत्येक घरी बोजारा मिळतो, पैसे, चॉकलेट, बिस्किटांचे पुडे. तिला जाऊ नको म्हणायचं? शक्यच नाही, बैलाच्या शिंगांना बेगड लावायला ती आठ दिवस आधीपासून बसलेली असते. मग आमच्याकडे बोजाऱ्याची बोलीच लागते. घरी आले की दोघंही आपापल्या पिशव्या चटईवर उलट्या करतात, ती एकेक पुडा वाचून दोन ढीग करते, चालणारं अन् न चालणारं. न चालणाऱ्याची बोली तिच्या बाबांशी, एका पुड्याला दहा रुपये नाही तर भावाच्या ढिगातलं एक चालणारं चॉकलेट. भावाशी भाव करताना ती इतकी पक्की आहे की गेल्या वर्षी सगळ्यात जास्त पैसे तिचेच झाले. पोळ्याच्या पुरणपोळीसाठी तिच्यासाठी तांदळाच्या पिठाची उकड काढून पारी करते, केळीच्या पानावर थापून, लाटत नाही, अन् वडे तर ज्वारी अन् डाळीचे असतातच. गणपतीत तळलेल्या मोदकांऐवजी उकडीचे. दिवाळीत अनारसे तांदळाचेच, चकलीच्या भाजणीत गहू घालत नाही, अन् बेसनाच्या लाडवात रवा नाही.

प्रसादाचं मात्र मनाला लागतं लोकांच्या. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, गावाकडे देवाच्या भंडाऱ्याच्या पंगतीत गव्हाचे रोडगे. एका नातेवाइकांकडे "देवाच्या प्रसादानं कुणाचं वाईट होत नाही" असं सगळ्यांसमोर तिला ऐकवलं, अन् तिचे डोळे भरले. सासूबाई पटकन उठल्या, देवापुढचं केळं उचललं अन् तिच्या हातावर ठेवलं, म्हणाल्या, "हाही प्रसादच आहे, घे." आता कुठे पूजा असली तर आम्ही फळं अन् घरचे पेढे सोबतच नेतो अन् नैवेद्यात ठेवायला देतो.

पथ्य सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत पोट उतरलं, चिडचिड कमी झाली, भूक लागायला लागली. सुरुवातीला दूध पचत नव्हतं, कारण आतडं दुखावलेलं असताना दूध पचवणारं एन्झाइमही कमी पडतं, ते पुढे आपोआप सुधारलं. हिमोग्लोबिन त्याच लोहाच्या सिरपनं वर आलं, जे आधी कामच करत नव्हतं. टीटीजी नॉर्मलला यायला वर्षाच्या वर लागलं, त्यामुळे सहा महिन्यांत आकडा शून्यावर आला नाही म्हणून कुणी घाबरू नका, उतरतो आहे ना हे बघा. उंची आता वर्गातल्या मधल्या पोरींएवढी आहे. थायरॉइड अन् व्हिटॅमिन डीची तपासणी अधूनमधून असते. आई-वडील, बहीण-भावांनाही असायची शक्यता इतरांपेक्षा जास्त म्हणून आम्हा सगळ्यांची टेस्ट झाली, धाकट्याची नॉर्मल आली, पण एकदा नॉर्मल म्हणजे कायमची नॉर्मल नाही, म्हणून काही वर्षांनी त्याची परत करायची आहे.

पुढच्या महिन्यात शाळेची रामटेकला एक रात्र मुक्कामाची सहल आहे. मी बाईंशी बोलणार होते, पण लेक म्हणाली मी बोलते. तिनं स्वयंपाक करणाऱ्या काकांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला अन् वही उघडून विचारलं, भातात काही घालता का, वरणाच्या फोडणीत हिंग कोणता, भजी तळायच्या कढईत आधी पुऱ्या निघतात का. काका म्हणाले, हो बेटा, पुऱ्या आधी निघतात. "मग मी भजी नाही खाणार, वरणभात बिनहिंगाचा काढून ठेवाल का माझ्यासाठी, आधीच?" काका हो म्हणाले. दोन दिवसांच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी अन् पोह्यांचा चिवडा इथूनच देणार आहे, अन् तिचा चमचा अन् ताटली वेगळ्या पिशवीत.